गेरूची मेंढरं

बिराजदारांनी पहिल्याच दिवशी माझा चहा थंड केला. सोलापुरातल्या आमच्या छोट्याशा पशुरोग प्रयोगशाळेत ते रुजू झाले, त्या सकाळी शिपायानं टेबलावर दोन कप ठेवले. त्यांनी आपल्या कपावर बशी झाकली, माझा उघडा ठेवला आणि दोन्हींत आळीपाळीनं तापमापक बुडवत बसले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा बाई, होत आलंय." होईपर्यंत चहावर साय धरली होती. कुठला कप आधी निवतो ते त्यांना कळलं, मला मात्र दुसरा चहा मिळाला नाही. शिपाई दिवसभर सगळ्यांना सांगत फिरला, "सायेब लई निराळं हायत." मी त्या जागी दोन वर्षं आधीपासून होते. माझ्याबद्दल असं काही कुणी सांगत फिरल्याचं मला आठवत नाही.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे माझ्या सांगण्यात कुठे आंबटपणा आला तर वाचणाऱ्याला त्याचं कारण ठाऊक असेल.

आज त्यांची आठवण काढायला निमित्त माझी नात. ती जपानी कार्टून मालिका बघते. त्यातल्या एकीत पांढऱ्या कोटातला एक शास्त्रज्ञ आहे. तो अख्खं शहर वाचवायला निघालेला असतो, आणि त्यासाठी हाताशी येईल त्या माणसाला बिनदिक्कत वापरतो. "आजी, हा चांगला की वाईट तेच कळत नाही. असं कुणी खरं असतं का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, असतं, अशा एकाच्या शेजारच्या टेबलावर मी चार वर्षं काढली आहेत.

डॉक्टर बिराजदार अक्कलकोटच्या बाजूचे. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि विणकरांच्या शेजारात राहिल्यामुळे कामापुरतं तेलुगूही. कुठलाही प्रश्न समोर आला की ते "नोडोण" म्हणायचे. कानडीत त्याचा अर्थ 'बघू या'. दुसरा माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा काम टाळतो. हे म्हणत आणि खरोखरच बघायला लागत. एकदा नवी पेठेतल्या दोन दुकानदारांनी आपापल्या कापडाचा रंग पक्का असल्याची हमी दिली. यांनी दोघांकडून कापड घेतलं आणि एकाच सदऱ्याची डावी बाही एका कापडाची, उजवी दुसऱ्या कापडाची शिवून घेतली. तो सदरा वर्षभर अंगात घातला. मी म्हटलं, "लोक हसतात तुम्हाला." तर म्हणाले, "हसू दे की बाई. कळायला पाहिजे." लोक हसत होतेच, पण प्रेमानं. मी तसा सदरा घातला असता तर मला रजेवर पाठवलं असतं.

माझं खरं दुखणं मेंढपाळांपाशी होतं. मी नाशिकची. माझं मराठी ऐकलं की ती माणसं आकाशवाणीवरच्या बातम्या ऐकल्यासारखी गप्प बसत. सांगोल्याकडून कुणी आजारी मेंढरू घेऊन आलं की माझ्या दारात उभं राहून मलाच विचारायचं, "बाई, डाक्टर हायत का?" मीही डॉक्टर होते. पाटी होती दारावर. बिराजदार आतून यायचे, मेंढीचा कान चोळत खालीच फतकल मारून बसायचे, आणि मग त्या माणसाला दुखण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं सांगावंसं वाटायचं. मी तोवर रक्त काचपट्टीवर घेऊन रोग ओळखलेला असे. नाव मात्र त्यांचं होई.

मेंढ्यांच्या देवीवर नवी लस करायचं काम आमच्याकडे आलं तेव्हा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. जी मेंढरं त्यातून जगली होती ती आता देवीत मरत होती. रोगाचं बीज वाढवायचं, त्याचं विष मवाळ करत आणायचं हे काम माझं. तयार लस कुणाच्या कळपावर, कशी तपासायची हे ठरवायचं काम त्यांचं. लस तयार झाली आणि त्यांनी धुळाबाचा कळप निवडला.

धुळाबा हा सांगोला तालुक्यातला मेंढपाळ, बिराजदारांना देवाच्या जागी मानणारा. त्याला एकच मुलगी, हिरा. त्या घराची रीत अशी की मुलीचे कान टोचले त्या दिवशी एक कोकरू तिच्या नावानं सोडायचं. त्या मेंढीची पुढची सगळी पिल्लावळ मुलीची. लग्नात ती मेंढरं तिच्याबरोबर जायची. कळपातली निम्मी मेंढरं अशी हिराची झाली होती आणि ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढलेला असे. हिराचं लग्न ठरलं होतं. नवऱ्याकडच्या लोकांनी त्या मेंढरांवर नजर ठेवूनच होकार दिला होता, हे कुणी लपवतही नव्हतं.

बिराजदारांनी निरोप धाडला होता, की कळपाचे दोन भाग करा आणि दोन वाघरींत कोंडा. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आम्ही जीपनं जात होतो तेव्हाच त्यांनी मला सांगितलं, "रस्त्याकडच्या वाघरीला नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. पलीकडच्या वाघरीला लस." निम्म्यांना काहीच दिलं नाही तरच लसीचा गुण कळतो. त्यात नवीन काही नव्हतं. धुळाबाला मात्र यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

आम्ही पोचलो. रस्त्याकडच्या वाघरीत सगळी गेरूच्या पट्ट्याची मेंढरं होती. पुढच्या मेंढीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं. धुळाबा हौसेनं म्हणाला, "पयला मान पोरीच्या मेंढरांचा, सायेब. हात ताजा, औषध ताजं."

मी बिराजदारांना बाजूला घेतलं. "ही मुलीची मेंढरं आहेत. वाघरी बदला."

"मी बघून निवडायला लागलो तर मग कळणार काय, बाई?"

"तिचं लग्न आहे त्यांच्यावर."

"देवी लग्न बघून येते का?" ते म्हणाले. आणि सुई भरता भरता, "कदाचित येणारही नाही. नोडोण."

त्यांनी गेरूच्या प्रत्येक मेंढीला पाणी टोचलं. हात जराही कापला नाही. धुळाबा एकेक मेंढरू त्यांच्या पुढ्यात धरत होता आणि म्हणत होता, "आता घोर मिटला." मला त्यांचा राग आला. आणि त्या रागातही वाटत होतं की असा न कापणारा हात आपल्याला का नाही. हे वाटणं मला आजही आवडत नाही.

देवी आली. शेजारच्या कळपातून आली आणि सगळी मेंढरं एकत्र चरत असूनही गेरूचा पट्टा असलेलीच फोडांनी भरली, तोंडं सुजून चारा सोडून मेली. जी दोनचार जगली ती आंधळी झाली. बाकीचा कळप टवटवीत होता. याहून स्वच्छ निकाल कुणाला मिळणार? वरच्या कचेरीतून शाबासकी आली. लस साऱ्या जिल्ह्यात द्यायचं ठरलं. अहवालावर बिराजदारांचं नाव होतं आणि खाली, आभाराच्या ओळीत, माझं. तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

पण धुळाबाच्या वस्तीवर निकाल वेगळाच लागला होता. टोचलं तर सगळ्यांना होतं. मग हिराचीच का मेली? लोकांनी उत्तर शोधून काढलं, की पोरगी पांढऱ्या पायाची आहे. तिच्या नावाचं ते नासतं. नवऱ्याकडच्यांनी सोयरीक मोडली. धुळाबा हे सगळं सांगायला आला तो बिराजदारांकडेच. "तुमी तर केलं की सगळं, सायेब. तिचंच नशीब," असं म्हणून त्यानं त्यांच्या पायाला हात लावला. बिराजदार झटकन मागे सरकले. त्यांना कुणापासून मागे सरकताना मी पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेच्या मुख्य साहेबांना सांगितलं की वस्तीवर जाऊन खरं काय ते सांगणार. साहेब म्हणाले, वेड लागलंय का, मेंढपाळ पुन्हा मेंढरांना सुई लावू देणार नाहीत. बिराजदार म्हणाले, "असेल तसं. पण त्या पोरीचे पाय चांगले आहेत, हे मला माहीत आहे. मग ते दुसऱ्यांना कळायला पाहिजे की." आणि मला म्हणाले, "चला बाई."

हे मला सुचायला हवं होतं. त्यांना सुचलं. जीपमध्ये मी तोच विचार करत होते.

वस्तीवर त्यांनी सगळ्यांना बोलावलं, बायकांनाही. उभ्यानंच सांगितलं, की गेरूच्या मेंढरांना आम्ही पाणी टोचलं. लस कशी आहे ते कळावं म्हणून. यात पोरीच्या नशिबाचा किंवा पायाचा काही संबंध नाही.

धुळाबानं विचारलं, "ती पोरीची हायत, हे तुमाला ठावं व्हतं?"

नाही म्हणायला जागा होती. कुणाला कळलं नसतं.

"होतं," बिराजदार म्हणाले. "बाईंनी मला तिथंच सांगितलं, की पोरीची मेंढरं आहेत, बदला. मी ऐकलं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धुळाबा म्हणाला, "मला इचारायचं की, सायेब. निम्मी मरायला पायजेत म्हनला असता, तर माझी दिली असती. तुमी मागितली आन् मी न्हाय म्हनलो, असं कधी झालंय का?"

चहापासून सदऱ्यापर्यंत जगातल्या प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारणारा माणूस, पण मेंढरांच्या मालकाला विचारावं हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. परत येताना ते मला एवढंच म्हणाले, "तो हो म्हणाला असता, बाई." पुढे त्यांनी हिराला स्वतः मेंढरं विकत घेऊन देऊ केली. धुळाबानं निरोप पाठवला, "इकतची मेंढरं कुनाच्या नावाची नसत्यात." हिराच्या पायाचं बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

पुढच्या वर्षी आम्ही जिल्हाभर लस टोचत होतो. बिराजदारांचा सोलापुरातला तो शेवटचा हंगाम. साहेबांनी त्यांची बदली लावली होती. लोक मेंढरांना सुई लावू देणार नाहीत असं साहेब म्हणाले होते, पण तसं झालं नाही. लोक येत. फक्त धुळाबा येईल असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि एका सकाळी तो कळप घेऊन अंगणात उभा राहिला. बरोबर हिरा होती. तिच्या कडेवर एक कोकरू होतं, ओल्या गेरूचा पट्टा ओढलेलं. बिराजदार पायरी उतरून पुढे झाले. धुळाबा त्यांच्या बाजूनं सरळ माझ्या दारापाशी आला.

"बाई, तुमीच टोचा."

इतकी वर्षं मी नेमकं एवढंच मागत होते. मिळालं तेव्हा लक्षात आलं, की हेसुद्धा त्यांनीच दिलेलं आहे. त्या दिवशी वस्तीवर त्यांनी माझं नाव घेतलं नसतं, तर धुळाबाला मी कुठे माहीत होते? अहवालात त्यांनी मला खाली ठेवलं आणि जिथे खरी किंमत होती तिथे वर. धड हेवाही करता येऊ नये अशी त्या माणसानं माझी पंचाईत करून ठेवली होती.

मी टोचायला बसले. मेंढरं धरायला माणूस कमी होता, तर बिराजदार स्वतःच येऊन त्यांचे पाय धरू लागले. धुळाबानं त्यांना हटकलं नाही. शेवटी हिरानं आपलं कोकरू पुढे केलं आणि ते बिराजदारांच्या हाती देण्याआधी त्यांनाच विचारलं, "सायेब, ह्या बाटलीत आज औषध हाय का पानी?"

त्यांनी बाटली उचलून तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरून पाहिली.

"बघून कळत नाही, पोरी," ते म्हणाले. "बाईंना विचार."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "औषध आहे."

तिनं लगेच कोकरू पुढे केलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. मी सुई टोचेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.