लय हरेशकडे होती

त्या रविवारी सकाळी दोन कप काढून मी हरेशची वाट पाहत होतो. फोन वाजला, त्याचंच नाव दिसलं, म्हणून उचलल्या उचलल्या फैलावर घेतलं, ‘कुठे तडमडलायस? चहाचा काढा झालाय.’ पलीकडून वहिनींचा आवाज आला. ‘भावजी, ते गेले.’ पहाटे छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचता आलं नाही, एवढंच त्या बोलू शकल्या. मी फोन ठेवला आणि गॅस बंद केला. पुढे बराच वेळ काय केलं ते आठवत नाही.

हरेश कोपरखैरणे गावातला, मूळचा आगरी. तुर्भ्याच्या कंपनीत आम्ही एकाच स्टोअरमध्ये नोकरी केली, पण लोक त्याला ओळखायचे ते हळदीतला ढोलकीवाला म्हणून. बेंजो पार्टीच्या वाजंत्र्यांत तो बसला की रुसून कोपऱ्यात बसलेली नवऱ्याची आत्यासुद्धा नाचायला उठायची. खांदा निकामी झाला आणि डॉक्टरांनी ढोलकी सोडायला लावली, तेव्हापासून हा माणूस डब्याच्या झाकणावरही बोटं वाजवेनासा झाला. इकडे कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. रिटायर झाल्यावर घर खायला उठायला लागलं, म्हणून एक छोटं ड्रम मशीन घेतलं. बटणं दाबून ठेका बसवायचा, की तो वाजत राहतो. हरेशला दाखवलं, तर पुढच्या रविवारी स्वारी मुलीचा लहानपणीचा हातातला व्हिडिओ गेम घेऊन हजर. त्यात कुणाकडून तरी संगीत रचायचं सॉफ्टवेअर घालून आणलं होतं. पडद्यावर आकड्यांची रांग वरून खाली सरकायची आणि तशी धून वाजायची.

आता या दोघांनी एका चालीने चालायचं म्हणजे एकाने ठोके द्यायचे आणि दुसऱ्याने ते केबलमधून घेत मागोमाग यायचं. केबल जोडली, आपापली बटणं दाबली... आणि शांतता. सेल बदलले, वाशीला जाऊन नवी केबल आणली, तरी तेच. कानांत इअरफोन घालून आम्ही दोन म्हातारे अख्खी दुपार एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो. शेवटी उलगडा झाला. दोघांनीही शहाणपणा करून आपापलं यंत्र ‘दुसऱ्याच्या मागे चाल’ या सेटिंगवर ठेवलं होतं. गेम मशीनची वाट पाहत होता आणि मशीन गेमची. हरेश इतका हसला की खांदा धरून बसावं लागलं. ‘आरं, दोगं पन थांबले तर वाजवनार कोन?’ तो म्हणाला. ‘मी देतो ठोका. तू माज्या मागं ये.’

तेव्हापासून लय हरेशकडे. मी प्ले दाबायचो, मशीनचा लाल दिवा लागायचा आणि ते नुसतं थांबून राहायचं. मग समोरच्या खुर्चीतून हरेश म्हणायचा, ‘घे.’ त्याने बटण दाबलं की दोन्ही एकदम सुरू. शेवटाकडे आलं की हळदीत चढवतात तशी तो अंगठ्याने लय चढवत न्यायचा, आणि माझं मशीन बिचारं धापा टाकत पाठोपाठ. सोसायटीत आवाज नको म्हणून हे सगळं फक्त आमच्या कानांत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन म्हातारे मुकाट्याने माना डोलावताना दिसत असतील. आठवड्याचे बाकीचे दिवस मी रविवारच्या त्या दोन तासांवर काढत होतो, हे त्याला कधी बोललो नाही. त्याला ते माहीत असावं.

तेराव्याला कोपरखैरण्याला गेलो तेव्हा तो गेम त्याच्या फोटोखाली ठेवलेला होता. वहिनींनी तो पदराने पुसला. ‘तुमाला पायजे तर न्या भावजी. मना त्यातला काय कलतंय?’ मला तो हवा होता, खोटं कशाला बोलू? पण पुसून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा फोटोखाली अगदी सरळ करून ठेवला, ते मी पाहिलं. शिवाय नेऊन करणार काय? त्याचा अंगठा कुठून आणणार? राहू दे इथेच, म्हणालो आणि उठलो.

घरी आल्यावर एकदा सेटिंग बदलून मशीन एकटंच वाजवून पाहिलं. बिनचूक वाजलं. त्याच चालीत, आहे तसंच, कुठेही न चढता... सेल संपेपर्यंत ते असंच वाजत राहणार, हे लक्षात आलं आणि मला ऐकवेना. बंद केलं. सेटिंग पुन्हा होतं तसं करून ठेवलं.

चहा आता एकच कप टाकतो. रविवारी मात्र टेबल आवरून मशीन काढतो आणि केबलचं दुसरं टोक त्याच्या खुर्चीकडे ठेवतो. प्ले दाबतो. लाल दिवा लागतो, मशीन थांबून राहतं... आणि समोरून कुणी ‘घे’ म्हणत नाही.