धुळ्याचे पाहुणे आणि केळीबागेतली होळी

माझ्या कामात त्यांनी काढल्या तितक्या चुका उभ्या आयुष्यात दुसऱ्या कोणी काढल्या नाहीत, आणि यात मी माझ्या सासूबाईही धरल्या आहेत. आम्ही त्यांना धुळ्याचे पाहुणे म्हणायचो. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. धुळे जिल्ह्याच्या डोंगरातून माणसं हंगामाला यावलच्या केळीबागांत उतरायची. त्यांना तिकडून पाठवणारी संस्था धुळ्याची, इकडे काम मिळवून देणारी आमची जळगावची. वरून टूम निघाली, की दोन्ही संस्थांनी आळीपाळीनं एकमेकांचं काम तपासायचं आणि दोष तोंडावर सांगायचे, म्हणजे दोघांचंही सुधारेल. धुळ्याकडून आमचं काम तपासायला यायचे, ते हे एकटे पाहुणे. मी तेव्हा पिंप्राळ्याहून लुनावर बागांलगतच्या आमच्या ऑफिसला जायची. सुती साडी, खांद्याला झोळी, आणि चेहरा असा, की जणू जगात मजुरांना पहिल्यांदा काम मीच शोधून दिलं. माझ्यात दोष सापडेल हे मला पटणं शक्यच नव्हतं.

पाहुण्यांशी सरळ वागायची सोय नव्हती. आम्ही हार घेऊन स्टँडवर उभे, तर हे आधीच्याच थांब्यावर उतरून, बारमाही छत्री घेऊन, बागेबागेतून मागच्या दारानं येणार. म्हणजे जिथं आम्ही झाडलेलं नसे नेमकं तिथून. मी रात्र रात्र जागून रंगीत तक्ते काढले होते. त्यांनी तक्त्यावर ओला पंचा वाळत घातला आणि म्हणाले, "हाई चांगलं शे, अक्का. खिळा मजबूत शे." माझ्या दुप्पट वयाचा माणूस मला अक्का म्हणतो याचा राग वेगळाच. खास त्यांच्यासाठी केलेली शेवभाजी ऑफिसात निवत पडली आणि पाहुणे मजुरांच्या शेडमध्ये भाकरी मोडत बसले. तिथंही कामाची चौकशी नाही. भेटेल त्याला एकच प्रश्न, "घर कव्हय जाशात?" म्हणजे, घरी केव्हा जाणार?

हा प्रश्न ऐकला, की मी घाईनं विषय बदलायची. कारण आदल्या होळीला आमची माणसं न सांगता डोंगरात निघून गेली होती आणि तयार घड झाडावरच पिवळे पडले होते. बागायतदार आबांनी मला बजावलं होतं, "ताई, यंदा होळीला बाग रिकामी दिसली, तर तुमची माणसं पुन्हा दारात नकोत. मी दुसरीकडून आणीन." तसं झालं असतं तर त्या सगळ्या कुटुंबांचं काम गेलं असतं. आणि हे पाहुणे त्यांना घरची आठवण करून देत हिंडताहेत!

मी माझा उपाय ऐटीत सांगितला. होळी बागेतच पेटवायची, बुंदी वाटायची, वर माझं भाषण. पाहुण्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अक्का, तुम्ही दिवाळीला माहेरी जाता, का ऑफिसातच फटाके उडवता?"

"मग तुम्हीच सांगा ना काय करायचं!" मी चक्क ओरडले.

"माले कोठे ठावकी? आम्ही तर गेल्या होळीला मजुरांच्या परतीच्या गाड्याच बंद ठेवल्या होत्या. तर लोक पायी गेले! आमना बी हाईच हाल व्हयनात. म्हणून तर इचारत फिरस."

त्या विचारत फिरण्यातूनच निघालं, की त्या डोंगरात होळी एका दिवशी नसतेच. प्रत्येक गावाची आपापली. आणि मी हुशारीनं एका बागेला एकाच गावची माणसं दिलेली, नीटनेटकं दिसावं म्हणून! साहजिकच गाव उठलं, की बाग ओस. मग मजुरांना आणि आबांना समोरासमोर बसवून ठरवलं: एका बागेत दोन गावं. एक होळीला जाईल, दुसरं घड उतरवेल. पहिलं परतलं, की दुसऱ्यानं निघायचं.

आता पहिलं गाव परतलं पाहिजे ना! ठरल्या दिवशी मी आणि आबा एसटीच्या थांब्यावर. पहिली गाडी आली, त्यात आमचं कोणी नाही. आबा माझ्याकडे बघेनात. दुसऱ्या गावचे लोक गाठोडी बांधून मागे तयार उभे. दुसरी गाडी आली आणि एकेक जण उतरू लागला. अंगावर होळीच्या नाचासाठी लावलेले राखेचे पांढरे ठिपके तसेच, डोळे रात्रभर नाचून तांबारलेले. आबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. सर्वांत शेवटी छत्री उतरली, तिच्यामागून पाहुणे. मला रडू फुटणारच होतं, तर हे म्हणतात, "एक चूक ऱ्हायनी, अक्का. यास्ले झोपाले येळच नहीं ठेया तुम्ही."

पुढे मीही धुळ्याला जाऊन त्यांच्या चुका मनसोक्त काढल्या. फार खूश व्हायचे. काही वर्षांनी ते निवृत्त झाले, मग गेल्याचंच कळलं. त्यांच्या जागी नवे साहेब आले. अर्ध्या तासात सगळं पाहिलं, "उत्तम आहे, काही सुचवण्यासारखं नाही," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. धूळ खाली बसेपर्यंत मी फाटकाशीच उभी होते, जीप वळवून येतील आणि एखादी तरी चूक काढतील म्हणून.