पोहत घरी जाणाऱ्याची किल्ली

मी चौथी शिकलेला. पुस्तकं वाचायची आमची ही. पोरगा इथं विलायतेत हॉस्पिटलात डॉक्टर, त्याच्यामागं आम्ही दोघं स्टॅनमोरला आलो, तेव्हापासून ही लायब्ररीतल्या वाचनमंडळात. वाचलेली गोष्ट संध्याकाळी लसूण सोलताना मला सांगायची.

शेवटची सांगितली ती अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या लेखकाची. एक माणूस दुसऱ्याच्या घरी, पोहायच्या तलावाकाठी पीत बसलेला असतो. त्याच्या डोक्यात येतं, आपण घरी पोहत जायचं. म्हणजे वाटेतल्या प्रत्येकाच्या तलावात उडी मारायची, पलीकडं निघायचं, की पुढचं घर. नुसत्या चड्डीवर. मी म्हटलं, बस नव्हती काय? ही हसली. पोचला का घरी, विचारलं, तर सांगेना. पुढच्या महिन्यात लायब्ररीत त्याचा सिनेमा दाखवणार आहेत, तिथं बघा म्हणाली.

महिना भरायच्या आत ही गेली. शेवट तेवढा कळायचा राहिला.

म्हणून तिच्या जागी मी गेलो. रिकाम्या हातानं कुठं जायचं नाही हा तिचा नियम, म्हणून चिवडा केला. जन्मात पहिल्यांदा. मीठ दोनदा पडलं. गोऱ्या म्हाताऱ्यांनी एकेक चमचा खाल्ला आणि सगळ्या पाण्याकडं पळाल्या.

पडद्यावर तो गडी ओलाचिंब फिरतोय, पण एक बाई टॉवेल देईल तर शपथ. घरोघरी दारू पुढं करतात, जेवलास का कुणी विचारत नाही. हे मी जरा मोठ्यानं बोललो असेन. मागनं कुणीतरी शुक् केलं.

मग मला झोप लागली. सिनेमात मी नेहमीच झोपतो, पण शेवट आला की ही कोपर मारून उठवायची. त्या दिवशी कोपर आलंच नाही. दिवे लागले तेव्हा जागा झालो.

शेजारी आमच्या गल्लीतली डॉक्टरीण होती, मराठीच. तिला विचारलं, पोचला काय? तिनं चिवड्याचा डबा बंद केला, परत उघडला.

“पोचतो, काका. पण दाराला कुलूप. आत कुणीच नसतं.”

आता म्हातारा रडणार म्हणून सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

“मग ह्याची किल्ली कुठाय?”

“ते काही दाखवलं नाही, काका.”

“चड्डीला खिसा नसेल.”

ती नाकातनं हसली. बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं, मग त्याही हसल्या.

चालत घरी आलो. दाराशी मात्र पाय थबकले. हिनं शेवट का लपवला ते तिथं कळलं. लसूण सोलत होतो तेव्हाच डॉक्टरांचा कागद तिच्याकडं आलेला होता. मला तो मागाहून दिसला.

कोटात हात घातला. मी किल्ल्या विसरतो, म्हणून हिनं परकराची लाल नाडी खिशात शिवून तिला किल्ली बांधलेली. नाडी वीतभरच. त्यामुळं कोटासकट दाराला चिकटून, पोट आत घेऊन कुलूप उघडावं लागतं. शेजारच्या गोऱ्याला वाटतं, हा रोज दाराला मिठी मारतो.

त्या दिवशी जरा मारलीही.