हिरव्या मोटारीचा रंग

मी पेंटर. दुकानांचे बोर्ड, भिंतीवरच्या जाहिराती, लग्नाच्या मांडवावरचं 'सुस्वागतम्' असली कामं करणारा. नगरला माळीवाड्याच्या वेशीजवळ माझी एक खोली होती. पुढच्या भागात डबे, ब्रश आणि शिडी. मागच्या भागात चूल. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत मी ती चूल दिवसातून एकदाच पेटवायचो. एकट्या माणसानं दोन्ही वेळा स्वयंपाक करायचा म्हणजे आपणच आपली टिंगल केल्यासारखं वाटतं.

बायको माहेरी होती. राहुरीच्या अलीकडे, अगदी सडकेला लागून तिच्या भावाची वस्ती. आमची मुलगी दीड वर्षाची होऊन तापानं गेली आणि पंधरा दिवसांनी भाऊ येऊन बायकोला घेऊन गेला. जाताना ती बोलली नाही. कधी येशील, असं मीही विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं. मुलगी आजारी पडली तेव्हा मी श्रीरामपूरला एका कापडाच्या दुकानाचा बोर्ड रंगवत होतो. सांगावा आला तेव्हा शिडीवर होतो. दोनच अक्षरं उरली होती. म्हटलं, तेवढी पुरी करून निघावं. तेवढ्यात दुपारची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तर शेजाऱ्यांनी पोरीला पुरूनही टाकलं होतं. ती दोन अक्षरं फार सुबक आली होती. त्यांचा मला अजून राग येतो.

बायको गेल्यावर एकदा मी तिची ट्रंक उघडली. तिच्या डोहाळजेवणाला मी कापडबाजारातून एक लुगडं आणलं होतं, हिरवंगार, पिवळ्या काठांचं. ते नेसून ती पाटावर बसली तेव्हा मी दारातून नुसता बघत राहिलो होतो. ते लुगडं ट्रंकेत नव्हतं. सगळी ट्रंक उपसली, तरी नव्हतंच. मग मी मनाशी ताडलं, की ती ते बरोबर घेऊन गेली. मी दिलेलं लुगडं नेलं, म्हणजे माया अजून आटलेली नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी म्हणजे हे न सापडलेलं लुगडं.

अशात एक मोटारमालक माझ्याकडे आला. तेव्हा सरकारी गाड्या नव्हत्या, खासगी मोटारी चालायच्या. याच्या दोन मोटारी नगरहून राहुरीवरून संगमनेरला जात. त्याच रस्त्यावर दुसऱ्या एकाची लाल मोटार होती आणि याच्याही मोटारी कशाबशा लालच होत्या.

"लोकं माजी म्हनून त्याच्या मोटारीत बसत्यात," तो म्हणाला. "तू असं कर पेंटर, एका अंगाला मोर काढ, एका अंगाला देवी काढ. अन् जेवढे रंग तुज्याकडं हायेत तेवढे लाव."

"मालक, ही मोटार आहे, जत्रेतला पाळणा नव्हे," मी म्हणालो.

रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नसे. त्याला बसवून समजावलं. सडकेला उभ्या माणसाला वाचता येत नाही. त्याला धुरळ्यातून, लांबून, एका नजरेत कळलं पाहिजे की आपली मोटार आली, पळा. मोराचा पिसारा मैलावरून शेणाच्या गोवरीसारखा दिसतो. रंग तीनच घ्यायचे, पण सगळीकडे तेच. मोटारीला तेच, पाटीला तेच, तिकिटाला आणि कंडक्टरच्या पिशवीलाही तेच.

नुसतं बोलून थांबलो नाही. पाच फळ्या पाच रंगांत रंगवून विळदच्या घाटाखाली सडकेच्या कडेला उभ्या केल्या आणि लांब जाऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारत बसलो. मेंढपाळाला विचारलं, बाजाराच्या बायांना विचारलं, मोटारीच्या ड्रायव्हरला विचारलं. निळी फळी धुरळ्यात राखाडी दिसत होती. पिवळी वाळल्या गवतात हरवली. हिरवी मात्र सगळ्यांना आधी दिसली. आमच्याकडे वर्षातले आठ महिने हिरवं म्हणून काही नसतंच, त्यामुळे डोळा तिथंच जातो. अंग हिरवं, खिडक्यांखाली पिवळा पट्टा आणि मागची बाजू काळी. मागं काळी, कारण पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि मागच्या भट्टीनं तो भाग काळा होणारच होता. जे होणारच, ते आपण आधी रंगवावं.

ही सगळी कारणं खरी होती. मालकाला ती पटलीही. एक कारण मी त्याला सांगितलं नाही. पिवळा पट्टा किती रुंद हवा हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. लुगड्याला काठ जेवढा, त्याच मापानं मी तो ओढला. दिवसातून दोनदा ही मोटार तिच्या दारावरून जाणार होती. ती बघेल, ओळखेल, आणि एक दिवस हात करून मोटारीत बसेल, असं माझ्या डोक्यात होतं.

दुसरी मोटार रंगवताना हिरवा जरा वेगळा आला, तेव्हा मी चिडून खोलीच्या भिंतीवर कृतीच लिहून ठेवली: पिवळ्याचे पाच भाग, निळ्याचा एक, काजळी नखभर, जवसाच्या तेलात. पुन्हा चुकायला नको.

रंग लोकांनी उचलला. महिन्याभरात मोटारीचं खरं नाव कुणी घेईना. "हिरवी आली का?" "हिरवी गेली!" एवढंच. मालक खूष. मी रोज संध्याकाळी वेशीपाशी जाऊन ड्रायव्हरला इकडचंतिकडचं विचारायचो आणि मग सहज विचारल्यासारखं दाखवायचो, राहुरीच्या अलीकडच्या वस्तीवर कुणी दिसलं का? तो शहाणा माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं.

"दिसल्या आज," तो एकदा म्हणाला. "कांद्यात खुरपत हुत्या. मोटार आली तशा उठल्या अन् पाठ करून उभ्या ऱ्हायल्या."

"आजच?"

"रोजच म्हना की. हारन दिला तरी वळत न्हाईत. मोटार गेली का मंग कामाला लागत्यात."

मला वाटलं, रुसली आहे. रुसणं म्हणजे तरी ओळख पटल्याचीच खूण. मी आपण होऊन दोन्ही मोटारींवर व्हार्निशचा हात फिरवला. हिरवा आणखी चकाकायला लागला.

पुढं कांदा घेऊन तिचा भाऊ नगरला आला आणि माझ्या खोलीवर डोकावला. धाकटा असला तरी पोक्त माणूस. मी चहा केला. कप हातात धरून तो बराच वेळ भिंतीवरची कृती बघत बसला.

"दाजी, येक इचारू? त्या मोटारीला रंग तुमीच दिला न्हवं?"

"मीच दिला. आवडला का तुमच्या आक्काला?" मी अगदी हरखून विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला. "पोर गेली तवा तुमी गावाला. कापड रेशनवर, त्या टायमाला मिळंना. आक्कानं ते डोहाळजेवनाचं हिरवं लुगडं मधोमध फाडलं अन् त्यात पोरीला गुंडाळलं. ऱ्हायल्यालं अर्धं शेजारनीला देऊन टाकलं. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठावं नव्हतं.

"ते दिसातनं दोनदा आमच्या दारावरनं जातंय, दाजी," तो म्हणाला आणि उठला.

त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. मला स्वतःची किळस आली होती. तिनं पोरीबरोबर मातीत घातलेला रंग मी उकरून काढला होता, वर व्हार्निश चढवलं होतं, आणि भोंगा वाजवत तिच्यापुढून फिरवत होतो.

सकाळीच मालकाकडे गेलो. म्हटलं, रंग बदलून देतो, फुकट देतो, सामानही माझं.

"तुला बाधा झालीय का?" मालक म्हणाला. "परवा येका म्हातारीनं लाल मोटार सोडली अन् हिरवीसाठी दोन तास बसून ऱ्हायली. आता त्यो रंग तुजाबी न्हाई अन् माजाबी न्हाई, पेंटर. लोकांचा झालाय. मी तिसरी मोटार घेतोय. तिला अगदी तस्साच हिरवा दे. भिंतीवर लिवलंयस ना?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी दिला असता, कृती भिंतीवर होतीच. तिसरी मोटार मीच रंगवली. पण कृतीत चोरी केली. काजळी नखभराच्या जागी दोन नखं घातली. पुढं तिन्ही मोटारींवर दर खेपेला हात फिरवताना आणखी थोडी. वर्षभरात तो रंग जुन्या आंब्याच्या पानासारखा काळपट झाला. मालकाला कळलं नाही, ड्रायव्हरला कळलं नाही. लोकांची ती हिरवीच. एकदा ओळख पटली की माणसं रंग बघत नाहीत. आणि ड्रायव्हर सांगायचा, बाई अजून पाठच करत्यात.

मग काजळीचा डबा पुढ्यात घेऊन बसलो असताना एका दुपारी डोक्यात लख्ख पडलं. मी स्वतः जायच्याऐवजी मोटार पाठवत होतो. समोर गेलो तर ती त्या दुपारच्या गाडीचं विचारील, ही माझी भीती. म्हणून ही सगळी कारागिरी. रंग ठरवताना मी मेंढपाळाला विचारलं, बाजाराच्या बायांना विचारलं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिला एक शब्द विचारला नव्हता. दिव्याखाली अंधार तो हाच.

आमच्या धंद्यात अमावास्येला ब्रश धरत नाहीत. त्या दिवशी भाड्यानं सायकल घेतली. दुकानातल्या सायकलींतली मुद्दाम रंग उडालेली, गंजकी निवडली. दुकानदार म्हणाला, पेंटर असून अशी? मी पैसे दिले आणि टांग मारली. विळदचा घाट उतरून पुढं पोचेपर्यंत मांड्या भरून आल्या होत्या.

ती अंगणात ज्वारी पाखडत होती. वाळली होती. उठून तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा सुपाशी बसली. भाऊ बैलांकडे निघून गेला.

"लुगड्याचं मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"इचारलं कुठं तुमी?"

मग मी तिला ते दोन अक्षरांचं सांगितलं. गाडी चुकली एवढंच तिला माहीत होतं. का चुकली, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिचं सूप थांबलं.

"कंची अक्षरं?"

"'भांडार'मधली. डा आणि र."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात सडकेवर भोंगा वाजला. ती सवयीनं उठली आणि पाठ करून उभी राहिली. मीही उठलो आणि तिच्या शेजारी, सडकेकडे पाठ करून उभा राहिलो. आवाज लांब जाईपर्यंत दोघंही हललो नाही.

"पुढल्या बारीला बी सायकलीवरच या," ती म्हणाली आणि सूप हातात घेतलं.

मी एकटाच परतलो. घाट चढताना जिथं दमलो तिथं सडकेच्या कडेला बसलो. पुढच्या अमावास्येला पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. बोलणं फारसं होत नसे. मोटार आली की दोघं उठून पाठ करायचो, एवढंच.

चौथ्या खेपेला तिचं गाठोडं बांधलेलं होतं. भाऊ म्हणाला, आक्का, अवसेला निघू नये. ती म्हणाली, "आमचं काय वंगाळ व्हायचं ऱ्हायलंय?"

सपाटीला ती कॅरिअरवर बसली. घाटाच्या चढणीला उतरलो आणि चालू लागलो, मी सायकल ढकलत, ती गाठोडं घेऊन. अर्ध्यात आलो तेव्हा मागून मोटार आली. ड्रायव्हरनं आम्हांला ओळखलं आणि शेजारी आणून थांबवली.

"पेंटर, बसा की! वयनीबी हायेत, जागा हाय!"

आम्ही दोघांनीही पाठ केली. समोर घाटाचा उघडा दगड होता, त्याच्याकडे तोंड करून उभे राहिलो. ड्रायव्हर क्षणभर वाट बघत असावा. मग मोटार निघाली आणि कोळशाचा धूर आमच्या अंगावर आला. ती रडत होती. मीही रडत होतो. पोर गेल्यापासून आम्ही दोघं एका जागी रडलो ते तिथं, पहिल्यांदाच. धूर विरल्यावर तिनं गाठोडं सायकलच्या कॅरिअरवर ठेवलं आणि एक हात त्यावर धरून माझ्याबरोबर चालू लागली.