नरांचा कळप

तळ्यात खाद्य टाकताना आप्पा 'हर्रऽऽ हर्रऽऽ' करायचे. मेंढरांना करायचे तसंच. मासे ऐकतात का, असं विचारलं तर म्हणायचे, "मेंढरं तरी कुठं ऐकत हुती?"

खुटबावला आमच्या शेजारीच त्यांचं रान. पण उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कोकणच्या वाटेला लागायचे. त्यांची बायको, आमच्या काकू, सगळ्यांना वाढून, उरलं तर खायच्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा आप्पांनी मेंढरं विकून शेततळ्यात चिलापी मासे सोडले. "हिला आता एका जागी बसवायचीय," एवढंच म्हणाले. तळं फसलं तर पुन्हा दुसऱ्याच्या मेंढरांमागं जाणं होतं. काकू तळ्याला डबकंच म्हणायच्या.

आणि पहिल्या वर्षी ते फसलं. आप्पांनी कळपाचा नियम लावला : माद्या राखायच्या, नर विकायचे. हाताएवढा मासा उलटा करून बघायचे. नर असला की बाजारात. तळं बोटभर पिल्लांनी गजबजलं. व्यापारी बघून हसला आणि रिकामा गेला.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही प्राणिशास्त्राचा. म्हटलं, "आप्पा, सगळे नरच पाळा."

"नराचा कळप? कालिजात ह्येच शिकिवलं व्हय?"

तुम्हीही हसला असता. मी समजावलं : चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, तेवढे दिवस काही खात नाही. मग अंग कसं धरणार? नुसते नर असले की पिल्लांची गर्दीही होत नाही.

आप्पा चुलीपुढं बसलेल्या काकूंकडं बघून म्हणाले, "आमच्या हिच्यावानी."

मग मी पुढचं सांगितलं. काही ठिकाणी असे खास बाप तयार करतात, की त्यांची पिल्लं जवळजवळ सगळी नरच निघतात. मेंढरात नर-मादी बापाकडून ठरतं. या चिलापीतही तसंच, पण तिच्याच एका चुलत जातीत आईकडून. कधी नुसतं पाणी तापलं तरी मादी व्हायचं पिल्लू नर होतं.

"म्हंजी माशांचं आजून ठरलंच न्हाई म्हण की!"

"लाखो वर्षं ठरतंय, आप्पा."

"आन् मी एका पावसाळ्यात ठरवाय निघालो."

पुढच्या खेपेला अशी नर पिल्लंच आणली. जाळं ओढलं तेव्हा ताटात मावेना असा मासा निघाला. आप्पांनी तो तळायला लावला आणि पहिला तुकडा काकूंच्या पुढ्यात ठेवला. "आधी तू खा."

आप्पा आता नाहीत. काकू काठावर खुर्ची टाकून बसतात, खाद्य टाकताना 'हर्रऽऽ' करतात. त्या घरानं पुन्हा कधी बिऱ्हाड घोड्यावर टाकलं नाही.