गुंडाळलेलं पोर

धसईच्या वरच्या अंगाला आमच्या गावात बाळंतिणीचं घर म्हटलं की बाईजा आलीच. तान्ह्या पोराला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, ओव्याची धुरी द्यायची आणि जुन्या लुगड्यात असं आवळून गुंडाळायचं की नुसतं नाक दिसावं. कुणी काही बोललं की उत्तर तयार, "पोरं तुमी वाढवली का मी?"

तिचाच नातू गेला. सून सोनालीचा पहिला मुलगा, जेमतेम तीन महिन्यांचा. ऐन थंडीत त्याला सर्दी झाली, मग खोकला. बाईजानं छाती चोळली, शेक दिला आणि गुंडाळून ठेवला.

"आई, दूध वढत नाय. सारखा कण्हतोय," सोनाली म्हणाली.

बाईजानं पोराच्या कपाळाला हात लावला. "ताप हाय का? नाय ना? मग गप ऱ्हा."

अंग गार पडत होतं, खरं तर त्याचंच भ्यायला हवं होतं. पण ताप नाही म्हणजे आजार नाही, हे खूळ आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं बसलंय.

दुपारी कण्हणं थांबलं. "बघ, उतार पडला. निजू दे," बाईजा म्हणाली. पोर निजलं नव्हतं, थकलं होतं.

संध्याकाळी सोनालीनं सासूला न जुमानता लुगडं सोडलं. श्वास भराभर चालला होता आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ओठ निळे झाले होते. नवरा, अनिल, जीप घेऊन येईस्तोवर आणि मुरबाडचा दवाखाना गाठेस्तोवर सगळं आटोपलं.

डॉक्टरीणबाईंना राग आवरला नाही. "न्यूमोनिया होता. छाती आत ओढली जात होती, दूध ओढणं बंद झालं होतं. कपडा काढून कुणी बघितलंच नाही?"



तेव्हापासून बाईजा घरोघरी जाते ती पोरांना उघडं करायला. शांत निजलेल्या पोराच्या छातीकडे एकटक बघत बसते. सासवा कावतात, "वारा लागंल गो!" ती ऐकून घेते आणि बघतच राहते.

पुढे सोनालीला मुलगी झाली. तिला मात्र ती सासूचा हात लागू देत नव्हती. दार लावून स्वतःच न्हाऊ घालायची, बाईजा बाहेर चुलीवर पाणी तापवून द्यायची. सोनालीचं काही चुकत नव्हतं, पण मला ते बघवायचं नाही.

परवा मुलीला खोकला झाला. सोनाली दार उघडून बाहेर आली आणि उघडी पोर तिनं सासूच्या मांडीवर ठेवली.

"बघा."

बाईजा बराच वेळ बघत राहिली. श्वास संथ होता, बरगड्यांखाली काही ओढलं जात नव्हतं. पोर दूधही नीट पीत होती.

"साधी सर्दी हाय," ती म्हणाली. मग तिनं पोर परत दिली. "पन माझ्यावर भरवसा ठेवू नको गो. मुरबाडला जा."