तापलेल्या गाडीतली इसवण

आमच्या देवबागेत मी अत्यंत काळजीवाहू माणूस म्हणून ओळखला जातो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. खारा वारा दाराच्या कडीपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं गंजवून टाकतो. म्हणून मी दिसेल ते गुंडाळतो. पंप, शेगडी, टीव्हीचा रिमोट... (आई म्हणते, "एक दिवस माकाय गुंडाळशीत!")

मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या मेव्हणीला, दीपाला, बघायला दोडामार्गला गोव्याहून मुलगा येणार होता. आधीची सगळी स्थळं तिने नाकारली होती, त्यामुळे सासरे घायकुतीला आलेले. फोनवर म्हणाले, "जावयबापू, जेवणाक ताजी इसवण तुमी हाडूची. माजी अब्रू तुमच्या हातात आसा." (इसवण म्हणजे सुरमई. अब्रू म्हणजे काय ते पुढे कळेलच!) मी बर्फाच्या डब्यात इसवण घातली, आईला आणि बायकोला, नयनाला, आमच्या जुन्या गाडीत बसवलं आणि निघालो.

कुडाळ मागे पडलं आणि नयना किंचाळली, "अवो, काटो बघा! लाल रेषेर गेलो!"

गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली भरलेली. पाइप बाहेरून कोरडे ठणठणीत, कुठे गळती नाही. पंखा गरगर फिरतोय. मग तापते कशाने? मला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. तेवढ्यात एक रिक्षावाला थांबला, आत डोकावला आणि म्हणाला, "गॅस्केट गेलो! इंजिन खोलूक व्हया." नयनाने पर्स छातीशी घट्ट धरली. महिनाअखेर होती.

"घाबरू नको. माझ्याकडे फुकटचा उपाय आहे!" मी म्हटलं. मोबाइलवर पाहिलं होतं, गाडीतला हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन गार होतं. लावला हीटर!

"शिरा पडो तुज्या हीटरार!" आई मागून ओरडली. "माका उकडतंस काय रे?"

"आई, काटा खाली येतोय!"

"काटो खाली आणि मी वर जातंय!"

सावंतवाडीच्या अलीकडे काटाही पुन्हा वर गेला. आता मात्र मी शेवटचं अस्त्र काढलं. इसवणीचा सगळा बर्फ उपसून बॉनेटवर रचला. बर्फाचं पाणी झालं, गाडी तापलेलीच राहिली आणि उघड्या डब्याभोवती कावळे जमले. वेळ निघून चालली होती, सासऱ्यांचे फोनवर फोन येत होते, आणि मी अजून विचारच करत होतो, की थर्मोस्टॅट असेल की वॉटर पंप!

घामाने निथळलेली नयना गाडीच्या तोंडासमोर उभी राहून पदराने वारा घेत होती. एकाएकी तिने पदर जाळीला लावून धरला. "पंखो वारो आत वडता ना? मगे माजो पदर आत वडना नाय तो कशाक?" आणि जाळीत बोटं घालून तिने एक निळं टोक ओढलं. ओढतच राहिली.

होडीवरची जुनी ताडपत्री! रेडिएटर गंजू नये म्हणून आदल्या दिवशी मीच जाळीच्या आतून चारी बाजूंनी नीट बांधली होती आणि साफ विसरलो होतो. रिक्षावाल्याला दाखवायला हवी होती, पण तो केव्हाच निघून गेला होता.

त्यानंतर गाडी एकदम शहाण्यासारखी धावली. दोडामार्गला सासऱ्यांनी डबा उघडला आणि लगेच बंद केला. पाहुण्यांना काजूची उसळ वाढली. आम्ही असे भिजलेले का, हे मुलाच्या आईने विचारलं, तेव्हा आईने ताडपत्रीसकट सगळी कथा रंगवून सांगितली. सासरे जमिनीकडे बघत बसले. मला वाटलं, मोडलं लग्न!

मुलगा हळूच एवढंच म्हणाला, "भावजी, हवा जायला जागा नको का ठेवायला?"

पाहुणे गेल्यावर दीपाने चक्क होकार दिला. सासऱ्यांचा विश्वासच बसेना. "अगो, इतक्या जणांक नाय म्हटलंस, ह्येच्यात काय बघलंस?"

"काय नाय बाबा," दीपा लाजत म्हणाली. "भावजींच्या बाजूक बसलेलो बघलंय. एकदम हुशार दिसलो!"